एका मिलिलिटरात दीडशे मिलिग्रॅम : दाट द्रावणात प्रथिन-औषधे टिकवण्याचे शास्त्र

स्तनाच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारावर दिले जाणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झाले, तेव्हा ते शिरेतून, सलाईनमध्ये मिसळून, थेंबाथेंबाने देण्यावाचून पर्याय नव्हता. पहिल्या मात्रेला दीड तास, पुढच्या प्रत्येक मात्रेला अर्धा तास, शिवाय शीर शोधणे, औषध मिसळणे आणि नंतरची देखरेख असा हा क्रम दर आठवड्याला किंवा तीन आठवड्यांनी चालत असे. पंधरा वर्षांनी, २०१३ मध्ये, युरोपात याच औषधाचे नवे रूप मान्य झाले. ते मांडीच्या त्वचेखाली टोचून दिले जाते आणि त्याला दोन ते पाच मिनिटे पुरतात. औषधाचा मुख्य रेणू तोच राहिला होता. बदलला होता तो त्याच्याभोवतीचा द्रव. जुन्या पद्धतीत कुपीतील भुकटी पाण्यात विरघळवल्यावर दर मिलिलिटरला २१ मिलिग्रॅम प्रथिन मिळे, आणि तेही पुढे २५० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळावे लागे. नव्या रूपात अवघ्या ५ मिलिलिटरमध्ये ६०० मिलिग्रॅम, म्हणजे दर मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम प्रथिन सामावलेले आहे.

मुंबईच्या परळमधील टाटा स्मारक रुग्णालयात आसाम, बिहार, बंगालपासून रुग्ण येतात. अशा रुग्णाच्या दृष्टीने सलाईनची खाट आणि पाच मिनिटांचे इंजेक्शन यांत केवळ सोयीचा फरक नसतो. दिवसाचा रोजगार, सोबत आलेल्या नातेवाइकाचा मुक्काम आणि खाटेची प्रतीक्षा यांचे गणित त्यावर अवलंबून असते. संधिवात, दमा, सोरायसिस अशा दीर्घ आजारांत तर औषध घरच्या घरी स्वतः टोचून घेता येते की नाही, यावर ते वर्षानुवर्षे नियमित घेतले जाईल की नाही हे ठरते. त्यामुळे अधिकाधिक प्रथिन कमीत कमी द्रवात बसवणे आणि ते तेथे दोन वर्षे बिघडू न देणे, हा औषधनिर्माणशास्त्रातील गेल्या दोन दशकांचा एक मध्यवर्ती प्रश्न बनला आहे.

एवढे प्रथिन लागते कशाला?

ॲस्पिरिनच्या रेणूचे वजन सुमारे १८० डाल्टन असते. इन्सुलिनचे सुमारे ५,८०० आणि एका प्रतिपिंडाचे, म्हणजे अँटिबॉडीचे, सुमारे दीड लाख. प्रथिने तोंडावाटे घेतली तर पोटातील विकर त्यांना वरणातल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनांप्रमाणेच पचवून टाकतात, म्हणून ती टोचावी लागतात. इन्सुलिनचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ते अत्यल्प मात्रेत काम करते, आणि १०० युनिटच्या द्रावणातही दर मिलिलिटरला जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम इन्सुलिन असते. प्रतिपिंडांचे तसे नाही. रोगकारक लक्ष्याला चिकटून त्याला निकामी करण्यासाठी लक्ष्याच्या रेणूंच्या तोडीस तोड संख्येने प्रतिपिंडे लागतात. परिणामी, मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला काही मिलिग्रॅम, म्हणजे एकूण शेकडो मिलिग्रॅमच्या घरात जाते.

जॉर्ज कोलर आणि सेझर मिलस्टाईन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची पद्धत दाखवून दिली. तिच्यासाठी १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना नील्स येर्ने यांच्यासह मिळाले. या तंत्रातून आलेल्या सुरुवातीच्या औषधांना सलाईनची वाट पुरेशी होती. त्वचेखाली टोचायचे ठरवले की मात्र ऊतींची मर्यादा आड येते. तेथे एका वेळी दीड-दोन मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव सहज मावत नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. दोनशे मिलिग्रॅमची मात्रा दीड मिलिलिटरमध्ये बसवायची तर दर मिलिलिटरला १३० मिलिग्रॅमहून अधिक प्रथिन हवे. द्रावणातील पदार्थाच्या या प्रमाणाला शास्त्रीय मराठीत संहती म्हणतात.

रेणूंची दाटी

दर मिलिलिटरला १५० मिलिग्रॅम ही संहती रेणूंच्या पातळीवर कशी दिसते, हे साध्या गुणाकाराने कळते. अशा एका मिलिलिटरमध्ये प्रतिपिंडाचे सुमारे ६० कोटी अब्ज रेणू असतात. द्रवाची त्यांच्यात समान वाटणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२ नॅनोमीटर बाजू असलेला घन येतो. आणि प्रतिपिंडाचा स्वतःचा विस्तारच १० ते १५ नॅनोमीटर असतो. म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे हे रेणू हात पसरतील तर शेजाऱ्याला लागतील, अशी स्थिती. आपल्या रक्तद्रवात मुख्य प्रकारची प्रतिपिंडे दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास असतात. तेथे हाच घन सुमारे २९ नॅनोमीटर बाजूचा होतो आणि प्रत्येकाला वावरायला जागा उरते. मौज अशी की, दाट द्रावणातही प्रथिनाच्या प्रत्यक्ष द्रव्याने व्यापलेली जागा फक्त अकरा टक्क्यांच्या आसपास असते, बाकी सारे पाणीच असते. परंतु ते पाणी या वेड्यावाकड्या, फिरत्या रेणूंच्या बेचक्यांत अडकलेले असते.

या दाटीतून दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली चिकटपणाची. द्रवाच्या प्रवाहाला होणाऱ्या आंतरिक विरोधाला श्यानता म्हणतात आणि ती सेंटिपॉइज या एककात मोजतात. पाण्याची श्यानता सुमारे १, रक्ताची ३ ते ४, खाद्यतेलाची साधारण ५० ते ८०. प्रतिपिंडाच्या द्रावणाची श्यानता संहतीबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. ५० मिलिग्रॅमपर्यंत फारसे काही घडत नाही, शंभरीनंतर चढण लागते आणि दीडशेच्या पुढे काही प्रतिपिंडे तेलाच्याही पुढे जातात. सुईतून द्रव ढकलण्यासाठी लागणारा दाब श्यानतेच्या प्रमाणात वाढतो. मात्र सुईच्या आतील त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात तो बदलतो, आणि खरी मेख येथे आहे. सुईचे छिद्र निम्मे केले, तर तितक्याच वेगासाठी सोळापट दाब लागतो. रुग्णाला बारीक सुई हवी असते आणि संधिवाताने बोटे आखडलेल्या रुग्णाला दट्ट्या दाबायला बळ कमी असते. म्हणूनच त्वचेखालच्या इंजेक्शनासाठी साधारण २० सेंटिपॉइजची व्यवहार्य मर्यादा धरण्याची प्रथा पडली आहे.

काही प्रतिपिंडे दीडशे मिलिग्रॅमलाही पातळ राहतात आणि त्यांच्यासारखीच दिसणारी दुसरी पाकासारखी होतात, यामागे रेणूच्या पृष्ठभागावरील विद्युतप्रभारांची मांडणी असते. एका भागात धन प्रभारांचा आणि दुसऱ्या भागात ऋण प्रभारांचा घोळका असला की एका रेणूची धन बाजू दुसऱ्याच्या ऋण बाजूकडे ओढली जाते. अशा क्षणभंगुर, सतत जुळणाऱ्या व तुटणाऱ्या साखळ्यांनी सारे द्रावण जाळ्यासारखे होते. पाण्यापासून दूर राहू पाहणारे जलविरोधी भागही एकमेकांना चिकटतात. हे बंध उलटवता येण्याजोगे असतात. द्रावण पातळ केले की रेणू पुन्हा सुटे होतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण ती उलटवता येत नाही.

पुंजके

कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात सुमारे दहा टक्के प्रथिन असते, म्हणजे दर मिलिलिटरला जवळपास शंभर मिलिग्रॅम. आधुनिक इंजेक्शनाच्या संहतीचा हा स्वयंपाकघरातला नमुना म्हणता येईल. तो तापवला की घट्ट पांढरा होतो आणि पुन्हा कधीच वितळत नाही. तो फेटला की फेस होतो, आणि त्या फेसातील प्रथिनेही उलगडून एकमेकांत गुंतलेली असतात. औषधाच्या कुपीत हेच, अतिशय हळू, वर्षभराच्या काळात घडू शकते. प्रथिनाची साखळी विशिष्ट घडी घालून बसलेली असते आणि तिचे जलविरोधी भाग आत दडलेले असतात. उष्णतेने, हलवल्याने, हवेच्या किंवा काचेच्या पृष्ठभागाशी संपर्क आल्याने घडी किंचित सैल झाली की ते भाग उघडे पडतात आणि शेजारच्या तशाच उघड्या रेणूला बिलगतात. दोनाचे चार होतात, चाराचे चारशे, आणि शेवटी डोळ्यांना दिसतील असे पुंजके तयार होतात. ज्या प्रक्रियेला दोन रेणूंची गाठ पडावी लागते तिचा वेग संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. संहती दहापट केली तर गाठीभेटी शंभरपट होतात. याच्या उलट जाणारा एक परिणामही आहे. दाटीत उलगडून पसरायला जागा नसल्याने रेणूची आटोपशीर, घडी घातलेली अवस्था काहीशी अधिक टिकाऊ ठरते. कोणत्या प्रथिनाच्या बाबतीत कोणता परिणाम वरचढ ठरेल, हे मात्र प्रयोगानेच पाहावे लागते.

पुंजक्यांमुळे औषधाचा काही अंश वाया जातो, एवढ्यावर भागत नाही. विषाणूंच्या पृष्ठभागावर एकच नमुना ओळीने पुनःपुन्हा येतो आणि आपली प्रतिकारयंत्रणा अशा पुनरावृत्तीला शत्रूची खूण मानते. प्रथिनांचे पुंजके तिला तसेच दिसू शकतात, आणि मग औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. याचे सर्वांत धक्कादायक उदाहरण रक्तपेशींची निर्मिती वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचे आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना ते दिले जाते. १९९८ मध्ये युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा एका औषधातून मानवी अल्ब्युमिन काढण्यात आले. रक्तजन्य पदार्थांतून संसर्ग पसरण्याची तेव्हा धास्ती होती. अल्ब्युमिनच्या जागी पॉलिसॉर्बेट ८० आणि ग्लायसीन घालण्यात आले. पुढील काही वर्षांत काही रुग्णांमध्ये तांबड्या पेशींची निर्मितीच जवळजवळ थांबल्याचे आढळले. त्यांच्या शरीराने औषधाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शरीराच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनलाही निष्प्रभ करीत होती. रबरी बुचातून झिरपलेली द्रव्ये, द्रावणातील बदल, साठवणुकीतील हयगय अशी अनेक कारणे पुढे आली आणि त्यांवर दीर्घकाळ मतभेद राहिले. बुचांवर आवरण चढवण्यात आले, औषध त्वचेखाली देण्यावर बंधने आली आणि प्रकरणे घटली. येथे संहती फारशी नव्हती. तरीही सहायक द्रव्य बदलणे म्हणजे औषधच बदलणे होय, हा धडा औषधनियामकांनी तेव्हापासून गाठीशी बांधला आहे.

पुंजक्यांखेरीज रासायनिक झीजही चालू असते. ॲस्पॅराजीन हे अमिनो आम्ल अमोनिया गमावून दुसऱ्याच रूपात जाते, मेथिओनिनचे ऑक्सिडीकरण होते, गंधकाचे बंध जागा बदलतात. असा एखादा बदल प्रतिपिंडाच्या नेमक्या पकडीच्या टोकाशी झाला तर औषध दिसायला तसेच राहते, पण लक्ष्याला धरत नाही.

निसर्गाने सोडवलेले आणि न सुटलेले गणित

दाट प्रथिन टिकवणे अशक्य नाही, याची साक्ष आपले शरीरच देते. तांबड्या रक्तपेशीत दर मिलिलिटरला सुमारे ३३० मिलिग्रॅम हिमोग्लोबिन असते, म्हणजे दीडशे मिलिग्रॅम संहतीच्या प्रतिपिंड-इंजेक्शनाच्या दुपटीहून अधिक. तरीही पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून लवचिकपणे सरकते. हे संतुलन किती नाजूक आहे ते सिकलसेल आजारात दिसते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, पृष्ठभागावर एक जलविरोधी ठिपका उघडा पडतो आणि प्राणवायू सुटल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखे लांबत जातात. पेशी विळ्याच्या आकाराची होते. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि २०४७ पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाले. औषधशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले तर एका अमिनो आम्लाच्या बदलाने दाट प्रथिन-द्रावण अस्थिर होण्याचे हे आद्य उदाहरण आहे. डोळ्याच्या भिंगाचेही तसेच. त्यातील क्रिस्टॅलिन प्रथिने तितकीच दाट आणि तरीही पारदर्शक असतात. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मभर बदलली जात नाहीत. त्यांची साठ-सत्तर वर्षांची झीज होऊन पुंजके बनले की त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो.

कुपीतील द्रव्ये

दाट द्रावण स्थिर ठेवण्याची पहिली पायरी म्हणजे आम्लता. बहुतेक प्रतिपिंडांची द्रावणे पाच ते साडेसहा या पीएचमध्ये ठेवली जातात आणि त्यासाठी हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे बफर सर्वांत लोकप्रिय आहे. या आम्लतेला बहुतेक प्रतिपिंडांवर निव्वळ धन प्रभार असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना दूर लोटतात. रासायनिक झीजही तुलनेने मंद राहते.

दुसरे द्रव्य साखर. सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, किंवा ट्रेहॅलोज. साखरेचे रेणू प्रथिनाच्या लगतच्या थरातून काहीसे दूर राहतात आणि तेथे पाणी अधिक राहते. प्रथिन उलगडले तर त्याचा पृष्ठभाग वाढेल आणि साखरेला आणखी मोठ्या भागातून दूर व्हावे लागेल. ऊर्जेच्या दृष्टीने हे महाग पडते. म्हणून घडी मिटलेलीच राहते. सर्ज टिमाशेफ यांनी हे तत्त्व सविस्तर मांडले. मात्र साखर स्वतःच द्रावण चिकट करते, हे कोणाही गृहिणीला एकतारी पाकावरून सांगता येईल. त्यामुळे स्थैर्यासाठी हवी तितकी साखर घालण्याची मुभा दाट द्रावणात नसते.

श्यानता उतरवण्यासाठी अमिनो आम्लांचा आधार घेतला जातो. आर्जिनीनचे क्षार प्रभारांमधील ओढ झाकतात आणि जलविरोधी ठिपक्यांवरही बसतात. साधे मीठही काही प्रतिपिंडांत उपयोगी पडते, काहींत उलट पुंजके वाढवते. प्रोलीनचा वापर कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या इव्होलोक्युमॅबमध्ये, दर मिलिलिटरला १४० मिलिग्रॅम संहतीला, केला आहे. रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून काढलेल्या इम्युनोग्लोब्युलिनचे त्वचेखालून द्यायचे वीस टक्क्यांचे द्रावणही प्रोलीनच्याच मदतीने २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाला टिकते. दर मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम ही संहती शीतकपाटाशिवाय टिकवणे ही मोठी मजल आहे, आणि तिची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

चौथे द्रव्य पॉलिसॉर्बेटसारखे पृष्ठसक्रिय द्रव्य. ते अत्यल्प प्रमाणात लागते. हवा आणि द्रव यांच्या सीमेवर ते प्रथिनाच्या आधी जाऊन बसते, त्यामुळे कुपी हलली तरी प्रथिन तेथे उलगडत नाही. पण रक्षकालाही रोग जडतो. ज्या पेशींत प्रतिपिंड वाढवले जाते त्यांची मेद तोडणारी विकरे शुद्धीकरणानंतरही लेशमात्र उरू शकतात आणि ती महिनोन्‌महिने पॉलिसॉर्बेट तोडत राहतात. सुटलेली मेदाम्ले मग स्वतःच कण होऊन तरंगतात. पॉलिसॉर्बेट जुने झाले की त्यात पेरॉक्साइड तयार होतात आणि ते प्रथिनाचे ऑक्सिडीकरण करतात. यावर उपाय म्हणून कधी सुटे मेथिओनिन घालतात, म्हणजे प्रथिनाऐवजी तेच बळी जाते. त्वचेखालच्या ट्रॅस्टुझुमॅबच्या घटकयादीत हिस्टिडीन, ट्रेहॅलोज, मेथिओनिन आणि पॉलिसॉर्बेट २० ही सारी मंडळी एकत्र भेटतात.

कधी कधी उत्तर घालण्यात नसून काढण्यात असते. संधिवातावरील ॲडालिमुमॅब २००२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले, तेव्हा त्याची ४० मिलिग्रॅमची मात्रा ०.८ मिलिलिटरमध्ये असे आणि त्यात सायट्रेट, फॉस्फेट, मीठ, मॅनिटॉल, पॉलिसॉर्बेट असा लवाजमा होता. सायट्रेटमुळे टोचल्यावर आग होते, अशी रुग्णांची तक्रार असे. पुढे आलेल्या रूपात तीच मात्रा ०.४ मिलिलिटरमध्ये, म्हणजे दुप्पट संहतीत बसवली गेली. त्यात प्रथिनाखेरीज फक्त मॅनिटॉल, पॉलिसॉर्बेट ८० आणि पाणी आहे. वेगळे बफरच नाही. दर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम प्रथिन असताना त्याची स्वतःची आम्लधर्मी व अल्कधर्मी टोकेच आम्लता सांभाळतात. दाटी, जी इतर सर्व बाबतींत अडचण होती, ती येथे कामी आली. सुईही बारीक झाली.

कारखान्यातून सिरिंजपर्यंत

दाट द्रावण तयार करताना प्रथिनाचे पातळ द्रावण अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलावरून पुनःपुन्हा फिरवतात. पाणी व लहान रेणू पलीकडे जातात, प्रथिन अलीकडे साचते. येथे एक जुना भौतिक-रासायनिक नियम, डोनान परिणाम, हिशेब बिघडवतो. प्रथिनावर धन प्रभार असल्याने तोल राखण्यासाठी पटलाच्या या बाजूला ऋण आयन अधिक आणि धन आयन कमी राहतात. म्हणून बफरमध्ये जे प्रमाण ठेवले तेच अंतिम औषधात उतरत नाही आणि आम्लताही सरकते. पातळ द्रावणात हा फरक नगण्य असतो, शंभरीपुढे तो लक्षणीय होतो. जाणकार उत्पादक म्हणून सुरुवातीलाच मुद्दाम वेगळे बफर घेतात. शिवाय पंपातून फिरताना वाढती श्यानता, घर्षण आणि बुडबुडे यांना तोंड द्यावे लागते ते वेगळेच.

औषध सिरिंजमध्ये भरल्यावरही धोका सरत नाही. काचेच्या आत दट्ट्या सुलभ सरकावा म्हणून सिलिकोन तेलाचा थर असतो. त्याचे थेंब सुटून प्रथिनाला चिकटण्याची जागा देतात. काचेत सुईसाठी छिद्र पाडताना वापरलेल्या टंगस्टनच्या पिनेचे अंशही पुंजक्यांना कारणीभूत ठरल्याची नोंद आहे. गोठणे तर घातकच. पाण्याचे बर्फ होत जाते तसतसे प्रथिन व क्षार उरलेल्या द्रवात आणखी दाट होतात आणि बर्फाचा पृष्ठभाग नवे आक्रमण करतो. शंभर मिलिलिटरपर्यंतच्या कुपीत १० मायक्रोमीटर व त्याहून मोठे कण ६,००० पेक्षा अधिक आणि २५ मायक्रोमीटरहून मोठे ६०० पेक्षा अधिक नसावेत, अशी अमेरिकी औषधसंहितेची मर्यादा आहे.

मुदत ठरवण्याचा मार्गही कष्टाचा आहे. साध्या गोळ्यांप्रमाणे चढ्या तापमानाला काही महिने ठेवून दोन वर्षांचे भाकीत करणे प्रथिनांच्या बाबतीत फसवे ठरते. चाळीस अंशांना प्रथिन ज्या वाटेने बिघडते ती पाच अंशांची वाट नसते. जैवऔषधांच्या स्थैर्यासंबंधीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच प्रत्यक्ष साठवणुकीच्या तापमानाला, प्रत्यक्ष काळात घेतलेल्या नोंदींना प्रमाण मानतात.

वळसे घालून जाणारे मार्ग

पाणीच काढून टाकणे हा सर्वांत जुना उपाय. शीतशुष्कनाने केलेल्या भुकटीत रेणूंना हालचाल करता येत नाही, त्यामुळे झीज मंदावते. भारतात सर्पदंशावरील प्रतिविष बहुतांशी याच रूपात मिळते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या क्षेत्रात पिढ्यांपासून परिचित आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर चालणारी घोड्याच्या रक्तातील ही प्रतिपिंडे भुकटीरूपात असल्यामुळेच वीज येत-जात असलेल्या ग्रामीण केंद्रात टिकतात. किंमत मोजावी लागते ती विरघळवण्याच्या वेळेत. घाईने कुपी जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून ती हलकेच फिरवायची असते. दम्यावरील ओमालिझुमॅबची भुकटी तर १२५ मिलिग्रॅमच्या संहतीचे द्रावण व्हायला पंधरा ते वीस मिनिटे घेते.

दुसरा मार्ग ऊतींचीच मर्यादा वाढवण्याचा. त्वचेखालील जाळीतील हायलुरोनिक आम्ल तात्पुरते तोडणारे हायलुरोनिडेज हे विकर औषधात मिसळले, की पाच, दहा, पंधरा मिलिलिटर द्रवही एका जागी सामावतो. एक-दोन दिवसांत जाळी पूर्ववत होते. रक्ताच्या कर्करोगावरील डाराटुमुमॅबच्या पहिल्या सलाईनला सुमारे सात तास लागत, त्याच औषधाची १५ मिलिलिटरची, १,८०० मिलिग्रॅमची मात्रा आता तीन ते पाच मिनिटांत टोचली जाते. त्यातही संहती १२० मिलिग्रॅमच आहे. म्हणजे हे विकर दाट द्रावणाची गरज संपवीत नाही, केवळ तिला आधार देते. तिसरा मार्ग स्फटिकांचा. स्फटिकांच्या निलंबनात रेणू शिस्तीत बांधलेले असल्याने द्रव पातळ राहतो. प्रोटामिनयुक्त एनपीएच इन्सुलिन १९४० च्या दशकापासून हेच करीत आले आहे. प्रतिपिंडांचे एकसारखे स्फटिक मिळवणे मात्र अवघड. पेम्ब्रोलिझुमॅबवर असे प्रयोग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही झाले आहेत, कारण गुरुत्वाकर्षणाच्या अभावी स्फटिक अधिक समरूप वाढतात.

भारतीय संदर्भ

भारतात रिटुक्सिमॅबची पहिली जैवसदृश आवृत्ती डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये आणली, बायोकॉनचे ट्रॅस्टुझुमॅब २०१४ च्या आरंभी आणि झायडसचे ॲडालिमुमॅब त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आले. ॲडालिमुमॅबची जगातील ती पहिली जैवसदृश आवृत्ती होती. अशा औषधांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये आली व २०१६ मध्ये सुधारली गेली. रेणूचा पेटंट-काल संपला तरी दाट द्रावणाच्या कृतीवर स्वतंत्र पेटंट असू शकते, ही या व्यवसायातील खोच आहे. अनुकरण करणाऱ्या कंपनीला रेणू तोच ठेवून त्याच्याभोवतीचे पाणी नव्याने शोधावे लागते, आणि औषध स्वस्त कधी होणार हे पुष्कळदा त्या शोधावर ठरते.

औषध दोन ते आठ अंशांत ठेवा, असे वेष्टनावर लिहिलेले असते. काही औषधांना शीतकपाटाबाहेर १४ दिवस, काहींना ३० दिवस राहण्याची मुभा असते, परंतु तीही बहुधा २५ अंशांपर्यंतच. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीचे तापमान हा शब्द त्या अर्थाने वापरता येत नाही. मातीच्या मडक्यात इन्सुलिन ठेवण्याची पद्धत अनेक भागांत आहे. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने मडके चांगले थंड राहते, कोकणच्या दमट हवेत तितके नाही, आणि दोन ते आठ अंशांची अट तर ते कोठेच पूर्ण करीत नाही. शीतकपाटात औषध बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नये, दारातही ठेवू नये. टोचण्यापूर्वी पंधरा ते तीस मिनिटे बाहेर काढून ठेवले की द्रवाची श्यानता उतरते आणि वेदना कमी होते. ते गरम पाण्यात बुडवू नये, उन्हात ठेवू नये, हलवू नये. गोठून वितळलेली सिरिंज दिसायला निर्मळ असली तरी वापरू नये. नेहमी स्वच्छ असणारा द्रव गढूळ झाला असेल किंवा त्यात तंतू, कण तरंगत असतील, तर ती सिरिंज बाजूला ठेवून औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना दाखवावी.